पावलांचा कौल कोण घेणार?

आपल्या शहरांना अलीकडे एक नवी हौस जडली आहे. पायी चालणाऱ्याला आणि सायकल हाकणाऱ्याला सुरक्षित वाट करून देण्याआधी 'चालण्याविषयी आणि सायकलीविषयी आपले मत काय?' असे लोकांना विचारीत सुटण्याची ही हौस आहे. प्रश्नावल्या तयार होतात, मोबाइलवरून पाठविल्या जातात, उत्तरांचे आलेख निघतात, एखाद्या थंडगार सभागृहात ते पडद्यावर झळकतात आणि अखेर निष्कर्ष जाहीर होतो : लोकांना चालणे पसंत आहे, परंतु लोक चालू इच्छीत नाहीत, सायकल फार चांगली, परंतु ती दुसऱ्याने चालवावी. हा निष्कर्ष हाती पडला, की अधिकारी सुटकेचा नि:श्वास टाकतात. "लोकांनाच नको, तर आम्ही काय करणार?" असे म्हणावयास ते मोकळे होतात. उड्डाणपुलाची निविदा मग निर्वेधपणे निघते.

आमचे म्हणणे आम्ही प्रारंभीच स्पष्ट मांडतो. आम्ही मोजमापाचे वैरी नाही. ज्या समाजाला स्वत:चे मोजमाप घेण्याची भीती वाटते, तो समाज सुधारत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु जे मोजमाप चुकीच्या माणसाला, चुकीचा प्रश्न, चुकीच्या वेळी विचारते, त्याला आम्ही पळवाट म्हणतो. चालणाऱ्याविषयी शहराची खरी वृत्ती काय, हे जाणून घ्यावयाचे असेल, तर त्यासाठी उत्तरपत्रिका तपासण्याचीही फारशी गरज नाही. ती वृत्ती पदपथाच्या रुंदीत, सिग्नलच्या सेकंदांत आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात स्वच्छ अक्षरांत लिहिलेली आहे. ज्याला डोळे आहेत, त्याने ती वाचावी.

माणसाची मनोवृत्ती मोजण्याचे शास्त्र तसे जुने आहे. १९३२ मध्ये रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक सुटसुटीत पद्धत मांडली. एखादे विधान समोर ठेवावयाचे आणि 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंतच्या पाच पायऱ्यांपैकी एकीवर खूण करावयास सांगावयाचे. आज आपल्या हाती येणाऱ्या बहुतेक प्रश्नावल्या याच घराण्यातल्या आहेत. पद्धत वाईट नाही. परंतु तिच्या जन्मानंतर दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाने आपला एक अनुभव प्रसिद्ध केला, तो प्रत्येक सर्वेक्षकाने उशाशी ठेवावा असा आहे. लापिएर एका चिनी दांपत्याला बरोबर घेऊन मोटारीने अमेरिकाभर हिंडला. चिनी माणसांविषयी त्या काळी तेथे उघड तिरस्कार होता. तरीही सुमारे अडीचशे निवासगृहे आणि खाणावळी पालथ्या घातल्यावर त्यांना नकार मिळाला तो केवळ एका ठिकाणी. काही महिन्यांनी लापिएरने त्याच ठिकाणी पत्रे पाठवून विचारले, "आपण चिनी पाहुण्यांना प्रवेश द्याल का?" उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी 'नाही' म्हणून कळविले! कागदावरचे मत एक आणि दारात उभ्या असलेल्या माणसाशी प्रत्यक्ष वागणूक दुसरी, हे त्या पत्रांनी सिद्ध केले.

आपल्याकडे हाच प्रकार उलट्या बाजूने घडतो. कागदावर आपण सारे सायकलीचे भक्त असतो. प्रदूषण, इंधन, आरोग्य, नव्या पिढीचे भवितव्य या साऱ्यांच्या नावाने आपण 'पूर्ण सहमत' या चौकोनात खूण करतो. खूण करून झाली, की मोटारीत बसतो आणि पुढे चाललेल्या सायकलवाल्याच्या पाठीशी भोंगा वाजवितो. खरी अभिवृत्ती कोणती, चौकोनातली की भोंग्यातली?

पहिला प्रश्न : विचारता कोणाला?

२०११ च्या जनगणनेत 'कामावर कसे जाता?' हा प्रश्न विचारला गेला होता. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातील कामगार वगळून उरलेल्या सुमारे २० कोटी कामगारांची ती नोंद आहे. ग्रामीण आणि नागरी दोन्ही भाग तिच्यात येतात. या २० कोटींपैकी सुमारे साडेचार कोटी माणसे पायी कामावर जात होती. सायकलीने जाणारे २ कोटी ६० लाखांच्या आसपास होते. मोटार, जीप किंवा व्हॅन यांतून जाणारे किती? सुमारे ५४ लाख. म्हणजे शंभरांत तीनसुद्धा नाहीत. मुंबई महानगर प्रदेशाचा जो सर्वंकष वाहतूक अभ्यास २००८ मध्ये पूर्ण झाला, त्यानेही हेच सांगितले : या प्रदेशातील एकूण फेऱ्यांपैकी सुमारे निम्म्या फेऱ्या पूर्णपणे पायी होतात. लोकलने येणारा प्रवासीही दोन्ही टोकांना चालतोच, ते चालणे वेगळे.

शिवाय ही जनगणनेची नोंदही अपुरीच. तिच्यात शाळेत चालत जाणारे मूल नाही. मुलाला शाळेत सोडून, तेथून बाजार करून, वाटेत सासऱ्यांचे औषध घेऊन घरी परतणारी गृहिणी नाही. कारण ती 'कामगार' नाही. तिची ती सारी पायपीट देशाच्या हिशोबवहीत शून्य धरली जाते. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. ती २०२७ साठी जाहीर झाली आहे. म्हणजे आपल्या पावलांचा शेवटचा राष्ट्रीय हिशोब पंधरा वर्षांच्या घरात जुना झाला आहे.

आता आमचा प्रश्न असा, की हे जे कोट्यवधी लोक आधीच चालत आहेत आणि सायकल हाकीत आहेत, त्यांना कोण विचारतो? वाहतूकतज्ज्ञांच्या भाषेत प्रवाशांचे दोन वर्ग असतात. ज्याच्यापुढे पर्याय आहे तो एक, आणि ज्याला पर्यायच नाही तो दुसरा. या दुसऱ्याला ते 'बंदिस्त प्रवासी' म्हणतात. शब्द बोलका आहे. बंदिस्ताचे मत विचारण्याचे कारण काय? तो कोठे पळून जाणार आहे? म्हणून सारी प्रश्नावली पहिल्या वर्गाकडे वळते : आपण मोटार घरी ठेवून सायकलीने जाल काय? किती सवलत दिली तर जाल? रात्रपाळी करून सायकलीने घरी परतणारा पहारेकरी, चार घरची धुणीभांडी करीत हिंडणारी बाई, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा यांच्या मोबाइलवर तो इंग्रजी दुवा पोहोचत नाही. पोहोचला, तरी दिवसाकाठी पंधरा प्रश्नांना उत्तरे देण्याइतकी उसंत त्यांना नसते. ज्यांच्या पायांवर निम्मे शहर उभे आहे, त्यांना वगळून घेतलेला कौल हा शहराचा कौल कसा म्हणावा?

दुसरा प्रश्न : विचारता काय?

'आपणास चालणे आवडते काय?' हा प्रश्न वरकरणी निरुपद्रवी दिसतो. आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध मावशी वर्षानुवर्षे रोज सकाळच्या मिस्साला पायी येत असत. रस्ता रुंद झाला. वाहनांचा वेग वाढला. मध्ये दुभाजक आला आणि ओलांडण्याची जागा दूर गेली. मावशींचे येणे आधी रविवारपुरते उरले आणि मग तेही मुलाच्या रिक्षातून होऊ लागले. उद्या एखादा सर्वेक्षक त्यांच्या दारी आला, तर तो काय लिहील? 'वय पंच्याहत्तरच्या पुढे, पायी प्रवास नाही, कल वाहनाकडे.' मावशींचा कल वाहनाकडे कधीच नव्हता. त्यांच्या पायांखालचा रस्ता काढून घेतला गेला आणि त्या चोरीची नोंद त्यांच्या आवडीनिवडीच्या खात्यावर झाली.

अमेरिकेतील पोर्टलंड शहरात सायकल-व्यवस्थेचे काम पाहणाऱ्या रॉजर गेलर यांनी सुमारे वीस वर्षांपूर्वी आपल्या नागरिकांचे चार गट पाडले. कोणत्याही रस्त्यावर बेधडक सायकल घालणारे एक टक्क्याहूनही कमी. थोडी सोय असली की आत्मविश्वासाने निघणारे सुमारे सात टक्के. काही झाले तरी सायकलीला हात न लावणारे सुमारे तेहतीस टक्के. उरलेले साठ टक्के कोण? ज्यांना इच्छा आहे, पण भीती वाटते, ते. गेलर यांचे हे आकडे प्रथम अनुभवावरून बांधलेला अंदाज होता. पुढे तेथील विद्यापीठाच्या पाहणीनेही साधारण तसेच चित्र दाखविले. आपल्या शहरांना हे प्रमाण जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही, कारण आपल्याकडील सायकलवाला हौशी नसून बहुधा कष्टकरी असतो. पण त्यातील मर्म आपणांसही लागू आहे. अनास्था आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जी प्रश्नावली या दोहोंत भेद करीत नाही, ती भ्यालेल्या माणसाला आळशी ठरविते.

आणि भीती खोटी आहे काय? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे रोज सरासरी ९० माणसे, केवळ रस्त्यावरून चालत असताना. सायकलस्वारांचे मृत्यू यात धरलेले नाहीत. ते आणखी काही हजार. रोज नव्वद प्रेतयात्रा निघत असताना 'आपणास चालणे आवडते काय?' असे विचारणे हा शुद्ध निर्दयपणा आहे. विचारावयाचेच असेल, तर असे विचारा : गेल्या आठवड्यात रस्ता ओलांडताना आपण किती वेळा थांबून माघारी फिरलात? आपल्या मुलाला एकट्याने शाळेत चालत पाठविण्यास आपण कोणत्या वळणावर घाबरता? सायकल विकली, ती कोणत्या वर्षी आणि कोणता प्रसंग घडल्यावर? या प्रश्नांच्या उत्तरांतून रस्त्याचा नकाशा तयार होईल. आवडीनिवडीच्या उत्तरांतून केवळ आलेख तयार होतो.

तिसरा प्रश्न : विचारता केव्हा?

ज्याने आंबा कधी चाखला नाही, त्याला आंब्याविषयी मत विचारून काय उपयोग? स्वीडनच्या राजधानीतील, स्टॉकहोममधील, लोकांना २००६ पूर्वी विचारले गेले, की शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर कर बसवावा काय. बहुमत विरोधात होते. राज्यकर्त्यांनी तरीही २००६ च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत सात महिने तो प्रयोग करून दाखविला. गर्दी घटली, हे लोकांनी स्वत: अनुभवले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये सार्वमत घेतले, तेव्हा शहराने थोड्या बहुमताने का होईना, त्याच कराच्या बाजूने कौल दिला. २००७ पासून तो कायम झाला. माणसे तीच, शहर तेच. मध्ये फक्त सात महिन्यांचा अनुभव आला होता. आधी अनुभव आणि मग कौल, हा क्रम आपल्याकडे उलटा का?

आपल्याकडेही अशी एक लहानशी खिडकी उघडली होती. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा एक भाग एका दिवसापुरता वाहनांस बंद केला आणि तो 'पादचारी दिन' म्हणून पाळला. ज्या रस्त्यावर एरवी खांदा वळविण्यास जागा नाही, तेथे माणसे रस्त्याच्या मधोमध निर्धास्त चालली. परंतु वर्षातला एक दिवस हा प्रयोग ठरत नाही. तो उत्सव ठरतो. उत्सव संपला, की मांडव उतरतो.

प्रयोग अर्धवट करून लोकांवर ठपका ठेवण्याचीही आपल्याकडे परंपरा आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्यात २०१७ च्या डिसेंबरमध्ये भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली आणि त्याच महिन्यात शहराच्या सायकल-आराखड्यालाही महापालिकेची मंजुरी मिळाली. रंगीत सायकली आधी आल्या. त्यांनी ज्यावरून धावावे ते सलग, निर्वेध मार्ग मात्र आलेच नाहीत. काही वर्षांत त्या सायकली दिसेनाशा झाल्या. 'पुणेकरांना सायकल नको' असा शेरा मारणारे तेव्हा कमी नव्हते. विहीर न खणता पोहरा सोडावा आणि कोरडा वर आला म्हणून पोहऱ्याला शिव्या द्याव्यात, तशातला हा न्याय!

मुंबई महानगर प्रदेशात २००८ पासून तीसहून अधिक स्कायवॉक उभे राहिले. पादचाऱ्यांची सोय म्हणून त्यांचे उद्घाटन झाले. परंतु जिना चढवून माणसाला हवेत धाडावयाचे आणि खालची जमीन वाहनांसाठी मोकळी ठेवावयाची, ही सोय नेमकी कोणाची? गुडघे दुखणारी बाई, भाजीची पाटी घेतलेला माणूस, कडेवर मूल असलेली आई जिना टाळून खालूनच चालते. मग पुन्हा तोच शेरा : लोकांना शिस्त नाही.

आता आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. मनोवृत्ती मोजावयाचीच असेल, तर प्रथम राज्यकर्त्यांची मोजा. त्यासाठी कोणाची मुलाखत घ्यावी लागत नाही. २००६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. वाहने हलविण्यापेक्षा माणसे हलविण्याला महत्त्व द्यावे, हा त्या धोरणाचा गाभा आहे. लायकर्टच्या पाच पायऱ्यांवर सरकारची खूण तेव्हा 'पूर्ण सहमत' अशीच पडली म्हणावयाची. पण कृती पाहा. २०१३ मध्ये कोलकाता पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलींना मज्जाव केला. ज्या शहरात दूधवाला, कारागीर आणि शिकवणीला जाणारा विद्यार्थी सायकलीवर विसंबून आहे, तेथे सायकल हाच गुन्हा ठरला आणि गरिबाने त्याचा दंड भरला. लोकांनी आवाज उठविल्यावर रस्त्यांची संख्या पुढे घटली. वृत्ती घटली असे मात्र म्हणवत नाही.

दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद असा सुमारे पावणेसहा किलोमीटरचा जलद बसमार्ग सुरू झाला. बसला स्वतंत्र मार्गिका, सायकलीला स्वतंत्र मार्गिका आणि पादचाऱ्यास पदपथ. रस्त्याची वाटणी प्रथमच काहीशी न्यायाने झाली. मोटारी खोळंबू लागल्या आणि गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या वादाचा सारा कस 'मोजावयाचे काय?' याच प्रश्नावर होता. वाहने मोजली, तर मार्ग फसलेला दिसे. माणसे मोजली, तर बसमध्ये आणि पायी असलेली माणसे मोटारीतील माणसांपेक्षा कितीतरी अधिक भरत. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने तो मार्ग मोडण्याची मागणी फेटाळली. तरीही २०१५ मध्ये दिल्ली सरकारने तो रद्द ठरविला आणि २०१६ मध्ये तो उखडला गेला. न्यायालयात माणसांची मोजणी जिंकली. रस्त्यावर वाहनांची जिंकली. मोटारवाल्यांचा आवाज म्हणजेच लोकमत, असे समीकरण एकदा ठरले, की दुसरे काय व्हावयाचे?

आणि आपली मुंबई? २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०२४ चा अटल सेतू आणि त्याच वर्षापासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला सागरी किनारा मार्ग या तिन्हींवर सायकलीला आणि पादचाऱ्याला प्रवेश नाही. वेगाच्या मार्गावर सायकल नको, हे आम्हांस समजते. तो मुद्दा सुरक्षेचा आहे, आणि किनारा मार्गालगत फिरावयास वेगळी जागा केली आहे, हेही आम्ही मान्य करतो. आमचा प्रश्न पैशांचा आहे. किनारा मार्गाच्या सुमारे साडेदहा किलोमीटरसाठी १३ हजार कोटींहून अधिक खर्च झाला. ज्या शहरात निम्म्या फेऱ्या पायी होतात, तेथे पदपथासाठी एवढ्या तळमळीने निधी उभा केल्याचे कोणी कधी ऐकले आहे काय? अंदाजपत्रक ही शहराची सर्वांत प्रामाणिक उत्तरपत्रिका आहे. तिच्यात कोणी खोटी खूण करीत नाही.

विरोधकांचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप : आपले ऊन-पावसाचे हवामान चालण्यास योग्य नाही. हे ऐकून आम्हांस नवल वाटते. याच हवामानात याच देशात कोट्यवधी माणसे आजही चालत आहेत. उन्हावर उपाय झाड आणि पावसावर उपाय वाहती गटारे. नेमकी तीच झाडे रस्ता-रुंदीकरणात पहिल्यांदा पडतात. दुसरा आक्षेप : पदपथ बांधून उपयोग काय, ते फेरीवाले अडवितात. या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. फेरीवाल्याच्या पोटाचा विचार करणारा आणि त्याला जागा नेमून देण्यास सांगणारा पथविक्रेता अधिनियम २०१४ पासून अस्तित्वात आहे. तो राबविला जात नाही, हा दोष चालणाऱ्याचा नव्हे. शिवाय पदपथ केवळ फेरीवाला अडवितो काय? उभी केलेली मोटार, दुचाकी, विजेची पेटी, नेत्याच्या वाढदिवसाचा फलक यांची गणना कोण करणार? तिसरा आक्षेप : लोकांनाच मोटार हवी आहे. असेलही. पण ज्या रस्त्यावर मोटारीबाहेर पाऊल टाकणे हा जिवाशी खेळ आहे, तेथे मोटार घेणे ही आवड नसून आत्मरक्षण असते. बुडत्याने लाकडाचा ओंडका धरला, म्हणून त्याला ओंडक्यांचा शौक आहे असे कोणी म्हणत नाही.

वाचकहो, येथवर आम्ही राज्यकर्त्यांविषयी बोललो. परंतु ज्या वृत्तीवर ते विसंबतात, ती आपल्या घरांतही मुरली आहे. भाजीच्या टोपल्या आणि दुधाच्या बरण्या सायकलीला बांधून पहाटेच्या गाडीसाठी स्टेशन गाठणारी पिढी वसईच्या गावागावांत होऊन गेली. त्या सायकलींवर कित्येक घरांतील मुलांची शिक्षणे झाली. आज त्याच घरांत सायकल ही लहान मुलाच्या वाढदिवसाची भेट आणि गरिबीची आठवण, एवढीच उरली आहे. मुलगा नोकरीला लागला, की पहिल्यांदा मोटारसायकल; लग्न ठरले, की मोटार. सोयरिकीच्या बोलण्यात दारातल्या गाडीची चौकशी होते. 'तो अजून चालतच जातो' हे वाक्य आपल्याकडे कौतुकाने उच्चारले जात नाही. ही प्रतिष्ठेची कल्पना कोणत्याही प्रश्नावलीत सापडणार नाही, कारण तिची कबुली देण्याइतके आपण भाबडे नाही. पण नगरसेवक ती अचूक ओळखतो. मतदार चालणाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे त्याला कोणी आलेख काढून दाखवावे लागत नाही.

मग करावयाचे काय? आमच्या मते, मोजमाप सोडू नये. ते आपण आपल्या हाती घ्यावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागातील पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची जागा निर्वेध हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरहून अधिक नसावी. शिंप्याकडे असते तशी एक टेप या कामी पुरेशी आहे. धर्मग्रामातील युवकांनी एका रविवारी आपल्या परिसरातील पदपथ मोजावेत. जेथे पदपथच नाही तेथे 'शून्य' लिहावे. शाळेसमोर सकाळी एक तास उभे राहून किती मुले चालत आली, किती सायकलीवर आली आणि किती वाहनांतून, याची गणती करावी. मोजताना वाहने मोजू नयेत, माणसे मोजावीत. सिग्नल असल्यास रस्ता ओलांडावयास किती सेकंद मिळतात आणि काठी टेकीत चालणाऱ्या माणसाला किती लागतात, याची तुलना करावी. मते विचारावयाची, तर ती चालणाऱ्याला, चालता चालता, त्याच्या बोलीत विचारावीत. हा हिशोब घेऊन प्रभाग कार्यालयात जावे. येत्या जनगणनेत केवळ कामगारांच्या नव्हे, तर विद्यार्थ्यांच्या आणि गृहिणींच्या पायपिटीचीही नीट नोंद व्हावी, अशी मागणी संस्थांनी एकत्र येऊन करावी.

आता तर या मागणीला न्यायाचे बळ लाभले आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले, की चालण्यायोग्य आणि निर्वेध पदपथ मिळणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. या निर्णयाचा अर्थ आपण नीट ध्यानी घ्यावा. जी गोष्ट हक्काची आहे, ती बहुमतावर सोडलेली नसते. पिण्याचे पाणी द्यावे की नाही, हे ठरविण्यासाठी कोणी पाच पायऱ्यांची प्रश्नावली काढीत नाही. शंभरांतील नव्वद माणसे उद्या मोटारीने जाऊ लागली, तरी उरलेल्या दहांना जिवंत घरी पोहोचण्याचा हक्क राहतोच.

म्हणून आमचे महापालिकांना सांगणे आहे : एक प्रभाग निवडा. त्यातील प्रत्येक रस्त्याला सलग पदपथ द्या, ओलांडण्याची जागा द्या, सायकलीला वेगळी पट्टी द्या, आणि हे सारे एका दिवसापुरते नव्हे, एका पूर्ण वर्षासाठी द्या. आठ वर्षांचे मूल एकटे शाळेत जाऊन सुखरूप परतू लागले, की तुमची प्रश्नावली घेऊन या. तेव्हा त्या मुलाच्या आईला विचारा. तिचे उत्तर आम्ही शिरोधार्य मानू. तोवर निघणाऱ्या प्रत्येक निष्कर्षाला आमचा एकच उलट प्रश्न राहील : हा कौल देणारा माणूस सर्वेक्षणाच्या दिवशी रस्त्यावर पायी होता काय?